इंटरफेस ‘हाताला चांगला लागतो’ म्हणजे नेमकं काय?

शेवटचा_पिक्सेल (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यातले तीन दिवस मी एका कप्प्यावर घालवले. अ‍ॅपच्या तळातून वर सरकत येतो, आत फिल्टर असतात, बोटाने खाली ओढला की मिटतो. तो आधीपासून चालतच होता. पण हातात घेतला की काहीतरी खटकायचं, आणि काय खटकतंय ते मला सांगता येईना. शेवटी फोन टेबलावर ठेवून अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा उघडमीट केली तेव्हा सापडलं. कप्पा वर येत असताना मध्येच बोट लावलं तर तो थांबत नव्हता. ३०० मिलिसेकंदांचं अ‍ॅनिमेशन पुरं करूनच तो माझं ऐकायचा. चुकून उघडला म्हणून लगेच मिटायला गेलं की पहिलं ओढणं वाया.

मग ते नीट केलं. आता चालता कप्पा बोट लागताक्षणी जिथे असेल तिथे धरला जातो. बोट सोडताना त्याचा जो वेग असेल तोच कप्प्याचा सुरुवातीचा वेग होतो. पूर्वी झटक्याने फेकला काय आणि हळूच सोडला काय, तो एकाच चालीने मिटायचा. शिवाय पूर्ण उघडल्यावरही वर ओढत राहिलं तर तो थोडा ताणला जातो, जितकं ओढाल तितका जड होत जातो आणि सोडला की जागेवर येतो.

मीटिंगमध्ये दाखवलं तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, “हे वापरणाऱ्याच्या लक्षात येणार आहे का?” विचारण्यात खोच नव्हती. रिलीज जवळ आलंय, कामं पडून आहेत, प्रश्न रास्त होता. मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनात राहिलंय.

माझं मत असं की या गोष्टी डोळ्यांच्या लक्षात येत नसतील, पण हाताला कळतात, आणि हाताला जे कळतं ती माहिती असते. २००७ च्या पहिल्या आयफोनमधली ताणली जाणारी यादी आठवा. बास ऑर्डिंग या डिझायनरचं ते काम. यादी संपली की ती रबरासारखी थोडी ताणली जाते आणि मागे येते. पाहताना गंमत वाटते. पण टोकाला आल्यावर ती नुसती थांबली असती तर फोन अडकला की यादी संपली, हे कळायला काही मार्ग नव्हता. तो ताण सांगतो की तुझं बोट मला समजतंय, पण पुढे काही नाही. एवढं सांगायला एकही शब्द लागत नाही.

तर मंडळी, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ‘हाताला चांगलं लागतं’ याची फोड तुम्ही कशी करता? आणि ज्याला वेळेचा हिशेब द्यायचा असतो त्याच्यापुढे ती कशी मांडता?

जुना_टर्मिनल

चांगला धागा. मी फोड करताना आधी घड्याळ काढतो.

आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली संगणकाच्या प्रतिसादाच्या वेळेबद्दल लिहिलं होतं, आणि १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी तेच आकडे पुन्हा मांडले: साधारण ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ‘मी केलं आणि झालं’ असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांपुढे माणूस दुसरीकडे बघायला लागतो. हे आकडे सगळेच सांगतात. पण ०.१ सेकंद बटण दाबण्यापुरतं ठीक आहे, ओढण्यासाठी ते फारच ढिलं माप आहे. गणित करून पाहा. बोट सेकंदाला २० सेंटिमीटर सरकतंय आणि चित्र १०० मिलिसेकंद मागे आहे, तर वस्तू बोटाच्या २ सेंटिमीटर मागे राहणार. तोच उशीर १० मिलिसेकंदांवर आणला तर अंतर २ मिलिमीटर. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी १०० मिलिसेकंदांपासून १ मिलिसेकंदापर्यंतचा उशीर एकामागून एक करून दाखवला होता. शेवटच्या टप्प्यावर चौकोन बोटाला चिकटल्यासारखा हलतो. आधीच्या टप्प्यांवर तो रबरी दोरीने बांधून ओढल्यासारखा दिसतो, आणि रोजच्या वापरात आपण ती दोरी गृहीत धरलेली असते हे तेव्हा जाणवतं.

६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला (एका चित्राला) १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३. एवढ्या वेळात तुमचा सगळा हिशेब आणि रंगकाम झालं नाही तर एक फ्रेम गळते. एखादी गळलेली फ्रेम कुणी बोट दाखवून सांगणार नाही, पण ‘अडखळतंय’ असं मात्र हमखास म्हणतात.

टायपिंगचंही तसंच. २०१७ मध्ये कुणीतरी जुने-नवे संगणक घेऊन की दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा वेळ मोजला होता. १९८३ चा अ‍ॅपल टू-ई ३० मिलिसेकंदांत अक्षर उमटवायचा आणि त्या यादीत तोच पहिला आला. नंतरची यंत्रं हजारो पटींनी वेगवान असूनही त्याच्या मागे पडली, कारण मध्ये थर वाढले: कीबोर्डचं स्वतःचं तपासण्याचं चक्र, यूएसबी, ऑपरेटिंग सिस्टीमची रांग, खिडक्या एकत्र रंगवणारा कंपोझिटर, शेवटी पडदा. प्रत्येक जण थोडं थोडं थांबवून घेतो.

तुमच्या ३०० मिलिसेकंदांवरून आणखी एक आठवलं. मोबाइल ब्राउझर पूर्वी प्रत्येक टॅपनंतर साधारण एवढाच वेळ थांबायचे. दुसरा टॅप आला तर झूम करायचं असायचं, म्हणून वाट पाहणं. ‘वेबवरची अ‍ॅप जडच असतात’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं आणि सगळे ते नशीब असल्यासारखं बोलायचे. पान फोनच्या रुंदीइतकं आहे असं जाहीर केलं की ती वाट पाहणं पुढे ब्राउझरांनी काढून टाकलं, आणि त्या जडपणाचा मोठा हिस्सा एका झटक्यात गेला. ‘फील’ म्हणून जे आपण हवेत सोडून देतो त्यामागे पुष्कळदा असं ठोस कारण बसलेलं असतं.

पानगळ

अनुमोदन. वाचनखूण साठवली.

अर्धविराम

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, वेळेचा हिशेब मागणारा. म्हणून मनापासून लिहितो.

तुमचं कप्प्याचं काम चांगलंच असणार. पण माझ्या टीममध्ये सहा माणसं आणि चाळीसेक स्क्रीन आहेत. त्यातल्या एका स्क्रीनवर लांबलचक फॉर्म आहे. शेवटच्या पानावर फोन आला, अ‍ॅप मागे गेलं आणि सिस्टीमने ते बंद केलं, की भरलेलं सगळं पुसलं जायचं. हे मला तक्रारींतून कळलं, डिझाइनच्या चर्चेत कधीच आलं नाही. चर्चेत कायम सावल्या, गोलाई, अ‍ॅनिमेशन. माझा प्रश्न असा की कारागिरी म्हणताना आपल्याला नेहमी हलणारी आणि चकाकणारी गोष्टच का सुचते? ज्या बाईंनी वीस मिनिटं घालवून फॉर्म भरला आणि जो उडाला, त्यांच्या हाताला काय लागलं?

तीन दिवस कुठे घालवायचे हे ठरवताना मी आधी फॉर्म धरेन. कप्पा नंतर.

शेवटचा_पिक्सेल

@अर्धविराम, फॉर्मबद्दल वादच नाही, मीही आधी तोच धरेन. आणि तो मला याच कामाचा भाग वाटतो. टाइप केलेलं अक्षर जपणं हाही स्पर्शाचाच मामला आहे: मी दिलेलं यंत्राने नीट धरून ठेवलं की सांडलं? ‘कट, कॉपी, पेस्ट’ ज्यांच्यामुळे रुळलं ते लॅरी टेस्लर आयुष्यभर ‘मोड’च्या विरोधात लढले, कारण मोडमध्ये माणसाची एकच कृती कधी एक अर्थ घेते तर कधी दुसराच. त्यांच्या आग्रहात चकाकी कुठेच नव्हती.

माझ्या कप्प्याच्या बाजूने एवढंच की तो दिवसातून पन्नास वेळा उघडला जातो, फॉर्म वर्षातून एकदा. किती मोठं दुखणं आणि किती वेळा, दोन्ही मापं लावावी लागतात.

तिरकी_रेघ

दिसतच नाही अशा कारागिरीचं मला सर्वांत आवडतं उदाहरण देतो.

मेनूतून उपमेनू उघडतो, उजवीकडे. तुम्हाला त्यातली खालची ओळ हवी आहे. हात साहजिकच तिरका जातो. पण तिरकं जाताना पॉइंटर मूळ मेनूच्या पुढच्या ओळीवरून जातो, आणि प्रोग्रॅम भोळा असेल तर तो लगेच तुमचा उपमेनू मिटून त्या ओळीचा उघडतो. मग आधी सरळ उजवीकडे, नंतर खाली, असं काटकोनात जायची शिक्षा. अ‍ॅपलमध्ये ब्रूस टॉग्नाझिनी यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यात यावर उपाय आखला होता: पॉइंटरपासून उपमेनूकडे रुंद होत जाणारा एक अदृश्य पट्टा. पॉइंटर त्यातून पुढे चाललाय तोवर उपमेनू मिटायचा नाही. हात कुठे आहे यापेक्षा तो कुठे निघालाय हे पाहायचं. पुढे कित्येकांनी हीच समस्या उशीर लावून ‘सोडवली’, म्हणजे अर्धा सेकंद काहीच मिटू द्यायचं नाही. त्याने तिरकं जाणं जमतं, पण सगळा मेनू चिखलात रुतल्यासारखा होतो. दोन्ही उपाय कागदावर सारखेच दिसतात. टेस्टरच्या यादीत दोन्हींपुढे बरोबरची खूण येईल.

आयफोनचा कीबोर्डही असाच. की दिसतात त्याच मापाच्या राहतात, पण पुढे कोणतं अक्षर येण्याचा संभव जास्त आहे त्यानुसार त्या कीची स्पर्शाची हद्द आतल्या आत मोठी होते. आपल्याला वाटतं आपला नेम चांगला आहे.

आणि ज्यांना हे सगळं फार सूक्ष्म वाटतं त्यांनी किमान बटणाच्या मापापासून सुरुवात करावी. १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी दाखवलं की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान तितका तिथे पोचायला वेळ जास्त. अ‍ॅपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरच्या मापाची एककं), आणि वेबच्या सुगम्यतेच्या निकषांत २०२३ पासून किमान २४ पिक्सेलची अट आली. चिन्ह लहान काढा हवं तर, भोवतीची स्पर्शाची जागा मोठी ठेवा. याला तीन दिवस लागत नाहीत, एक ओळ लागते.

काना_मात्रा

मी अक्षरांच्या बाजूने लिहिते. देवनागरीत इंटरफेस पाहिला की कारागिरी कुठे थांबली ते मला एका नजरेत दिसतं.

मूळ आराखडा रोमन लिपीसाठी झालेला असतो. ओळीची उंची तिच्या मापाने बांधलेली. मग ‘र्कि’, ‘ट्रू’, ‘ह्रीं’ अशी अक्षरं आली की वरची रफारवेलांटी किंवा खालचा उकार बटणाच्या कडेला कापला जातो. उकार कापला की शब्दच बदलतो, आणि तरी ते महिनोन्‌महिने तसंच राहतं, कारण तपासणाऱ्याला ‘मजकूर दिसतोय’ एवढंच तपासायला सांगितलेलं असतं.

मथळ्यांना ऐटबाज दिसावं म्हणून अक्षरांत अंतर वाढवण्याची पद्धत आहे. देवनागरीत तेच लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विसकटलेल्या मण्यांसारखा दिसतो. रोमनमध्ये मथळा मोठ्या लिपीत करून ओळींची उतरंड दाखवतात. आपल्याकडे लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे तो नियम गुपचूप निष्फळ ठरतो आणि मथळा व मजकूर सारखेच दिसायला लागतात. तिथे वजन, आकार, मोकळी जागा यांनी उतरंड नव्याने बांधावी लागते. ती आपोआप येत नाही, कुणीतरी बसून बांधावी लागते.

सर्वांत जिव्हारी लागतं ते कापणं. लांब नाव वीस ‘कॅरेक्टर’वर छाटायचं आणि पुढे तीन टिंबं. पण संगणकाच्या लेखी ‘क्षि’ म्हणजे क, हलंत, ष आणि वेलांटी असे चार कोडबिंदू. मध्ये कुठेही सुरी चालते आणि टोकाला एक अनाथ पाय मोडका क उरतो. ज्याचं नाव आहे त्याला ते कसं वाटेल? अक्षरसमूहाच्या सीमेवर कापायची सोय आता ब्राउझरांतही आहे, वापरायची तेवढी बाकी.

एक गोष्ट मात्र मला अजून पटेल अशी सुटलेली दिसली नाही. ‘स्त्री’ लिहून बॅकस्पेस दाबली तर काय जावं? फक्त वेलांटी, की सगळं अक्षर? लिहिताना चूक झाली तर मला शेवटची खूणच पुसायची असते. पण करसर बाणांनी हलवताना तो अक्षराच्या मध्ये थांबलेला मला नको असतो. म्हणजे एकाच मजकुरात पुसण्याचं एकक वेगळं आणि चालण्याचं वेगळं. ऐकायला विसंगत, हाताला बरोबर.

जुना_टर्मिनल

@काना_मात्रा, शेवटच्या परिच्छेदाला टाळ्या. नियमाची सुसंगती आणि हाताची सुसंगती वेगळी असते, हे मला इतक्या नेमकेपणाने कधी मांडता आलं नव्हतं.

ऐकून_वाचणारा

मी पडदा पाहत नाही, स्क्रीन रीडरने ऐकतो. ‘फील’ हा शब्द आला की लोकांना वाटतं हा डोळसांचा विषय. माझ्यासाठी तर तो पूर्णच हाताचा आणि कानाचा आहे.

२००९ मध्ये आयफोन थ्रीजीएसवर व्हॉइसओव्हर हा अ‍ॅपलचा स्क्रीन रीडर आला, त्याआधी सपाट काचेचा फोन म्हणजे माझ्यासाठी नुसती काच होती. आता बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते ऐकू येतं, उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टॅप केलं की ती निवडली जाते. ही रचना सुबक आहे. तिच्यावर बांधलेली अ‍ॅप मात्र दोन प्रकारची असतात.

पहिल्या प्रकारात मी यादीतली एक ओळ काढून टाकतो आणि माझा फोकस, म्हणजे स्क्रीन रीडर ज्या जागेवर आहे ती, पानाच्या माथ्यावर फेकला जातो. पुन्हा पहिल्यापासून चाळीस वेळा सरकवत यायचं. दुसऱ्या प्रकारात फोकस पुढच्या ओळीवर येऊन थांबतो आणि काय काढलं ते एका छोट्या वाक्यात सांगितलं जातं. पहिल्यात चिन्हाच्या बटणावर नुसतं ‘बटण’ ऐकू येतं. दुसऱ्यात ‘पत्ता बदला, बटण’. आधी ‘पत्ता बदला’, मग ‘बटण’, हा क्रमही महत्त्वाचा, कारण मी वेग वाढवून ऐकतो आणि पहिल्या दोन अक्षरांवर पुढे जायचं की थांबायचं हे ठरवतो.

@शेवटचा_पिक्सेल, तुमच्या कप्प्याबद्दल विचारतो: तो उघडल्यावर फोकस आत जातो का? आणि मिटल्यावर ज्या बटणाने उघडला त्यावर परत येतो का? मागचं पान कप्पा उघडा असताना ऐकू येतं का?

शेवटचा_पिक्सेल

@ऐकून_वाचणारा, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच तपासलं. फोकस आत जातो. मागचं पान ऐकू येत होतं, म्हणजे कप्पा उघडा असताना तुम्ही नकळत त्याच्या मागे निघून गेला असता. आणि मिटल्यावर फोकस पानाच्या माथ्यावर जात होता, अगदी तुम्ही वर्णन केलंत तसाच. दोन्ही आजच दुरुस्त केलं. तीन दिवस मी ज्याला हाताचं काम म्हणत होतो त्यात हा हात धरलेलाच नव्हता, याचं वाईट वाटलं. आभार.

नवी_पाटी

मी या क्षेत्रात नवीन आहे. हे दिसायला, जाणवायला कसं लागतं? मला दोन बटणं सारखीच वाटतात आणि वरिष्ठ म्हणतात एक ‘बसलेलं’ नाही.

तिरकी_रेघ

@नवी_पाटी, गोल बटणात प्लेचा त्रिकोण ठेवून पाहा. त्याच्या चौकटीच्या मापाने बरोबर मध्यभागी ठेवला तर तो डावीकडे सरकल्यासारखा दिसतो, कारण त्रिकोणाचं वजन जाड बाजूला असतं. किंचित उजवीकडे ढकला आणि पुन्हा बघा. दुसरा सराव: गोल कोपऱ्यांच्या कार्डात गोल कोपऱ्यांचं चित्र ठेवा. दोन्हींना एकच त्रिज्या दिलीत तर कोपऱ्यात फट जाडसर दिसेल. बाहेरच्या त्रिज्येतून मधलं अंतर वजा केलं की दोन्ही वक्र एकमेकांना समांतर जातात. बाहेर २४ आणि अंतर ८ असेल तर आत १६. हे दोन करून झाले की रोजच्या अ‍ॅपमध्ये तुम्हाला हेच दिसायला लागेल, थांबवता येणार नाही.

जुना_टर्मिनल

आणि हालचालीसाठी: फोनच्या कॅमेऱ्याने सेकंदाला २४० फ्रेमवर दुसऱ्या फोनचा पडदा चित्रित करा, मग एकेक फ्रेम पुढे न्या. बोट कधी लागलं, पडदा कधी हलला, मधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. एवढ्या साध्या साधनाने मी पुष्कळ भांडणं मिटवली आहेत. तपासायला मात्र टीममधला सर्वांत जुना, भरलेला, तापलेला फोन घ्या. नव्या फोनवर सगळंच बरं वाटतं.

पानगळ

मघाशी नुसतं अनुमोदन देऊन गेले, पण एक शंका सलते आहे. या कारागिरीत फसवणूक कुठे सुरू होते?

प्रोग्रेस बारचं घ्या. १९८५ मध्ये ब्रॅड मायर्स यांनी दाखवलं की किती काम झालं ते दिसलं तर लोकांना थांबणं बरं वाटतं. इथवर ते प्रामाणिक आहे. २००७ मध्ये ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की एकूण वेळ तितकाच असून शेवटाकडे वेग घेणारा बार लोकांना लवकर संपल्यासारखा वाटतो, आणि शेवटी अडखळणारा लांबल्यासारखा. आता हे माहीत असताना मी बारची चाल मुद्दाम वाकवली तर ती कारागिरी की थाप? मी जिथे काम केलं तिथल्या एका उत्पादनात तर निकाल क्षणात तयार असायचा आणि ‘तपासणी सुरू आहे’ म्हणून चार सेकंद चक्र फिरवायचे, काम गंभीर वाटावं म्हणून. ते मला अजिबात पटलं नव्हतं आणि अजूनही पटत नाही.

अर्धविराम

@पानगळ, चार सेकंदांचं चक्र ही थापच. माणसाचा वेळ घेऊन त्याला खोटं सांगणं. बारच्या चालीबद्दल मी इतका कडक होणार नाही. उरलेल्या कामाचा अंदाज मुळात कच्चाच असतो. त्यातला कोणता कच्चेपणा दाखवायचा एवढीच निवड आहे.

तिरकी_रेघ

२०१५ पासूनच्या बहुतेक मॅकबुकचा ट्रॅकपॅड दाबून पाहा. ‘टिक’ असं खाली गेल्यासारखं वाटतं. काच खाली जात नाही. दाब मोजला जातो आणि विद्युतचुंबक ती काच बाजूला किंचित हलवतो, बोट त्याला खाली जाणं समजतं. लॅपटॉप पूर्ण बंद करून दाबा, काहीच होत नाही, नुसती निर्जीव पाटी. हा भास आहेच. पण तो ‘तुझं दाबणं पोचलं’ हे खरंच सांगतो, आणि जेव्हा पोचलं तेव्हाच सांगतो. माझ्यासाठी रेषा तिथे आहे: भास खऱ्या घटनेला बांधलेला आहे की सुटा?

पानगळ

‘खऱ्या घटनेला बांधलेला’ हे माप मला चालेल. बारच्या बाबतीत मात्र माझं समाधान झालेलं नाही, आणि ते राहू दे तसंच.

हळू_चाल

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मला कानाच्या आतल्या तोल राखणाऱ्या भागाचा त्रास आहे. २०१३ मध्ये आयओएस ७ आलं तेव्हा अ‍ॅप उघडताना पडदा आत खेचल्यासारखा झूम व्हायचा आणि मला अक्षरशः मळमळायचं. तेव्हा कळलं की असा त्रास होणारी मी एकटी नाही. आता फोनमध्ये हालचाल कमी करायची सोय आहे आणि वेबपानांनाही ती आवड विचारता येते. पण बहुतेक ठिकाणी ‘हालचाल कमी’ म्हणजे सगळं एकदम बंद: कप्पा नव्हता, आता आहे. मग तो कुठून आला हेच समजत नाही. सरकण्याऐवजी हळूच उमटू दे, विरून जाऊ दे. माझ्यासाठीही तीच काळजी घेतलेली दिसावी एवढंच मागणं आहे.

शेवटचा_पिक्सेल

@हळू_चाल, माझ्याकडेही एकदम बंदच होतं. १५० मिलिसेकंदांत उमटणं आणि विरणं असं केलंय, बोटाने ओढलं तर मात्र तो बोटाबरोबर हलतो, कारण ती हालचाल तुमची स्वतःची असते. चुकत असेन तर सांगा.

आता मीटिंगचं. @जुना_टर्मिनल यांचं ऐकून शब्द वापरलेच नाहीत. दोन सारखे जुने फोन, एकावर आधीचं बिल्ड (अ‍ॅपची आवृत्ती), एकावर नवं, कोणतं कुठलं ते न सांगता प्रश्न विचारणाऱ्या सहकाऱ्यापुढे ठेवले. म्हटलं, पाच मिनिटं फिल्टर बदलत राहा. त्याने दोन्ही वापरले, मग एक बाजूला सारून दुसऱ्यावरच खेळत बसला. तो नवा होता. का आवडला विचारलं तर म्हणाला, “हा जास्त फास्ट आहे.” दोन्हींत उघडण्याचा वेळ तितकाच आहे, मी मुद्दाम मोजून ठेवला होता. फरक एवढाच की नवा त्याला कुठेही थांबवून ठेवत नव्हता.

अर्धविराम

हा पुरावा मी मान्य करतो. उद्या मी माझ्या फॉर्मवरही असेच दोन फोन ठेवणार आहे, एकात भरलेलं टिकणारं बिल्ड. आमच्याकडे कप्पाही आहे आणि तो तुमच्या जुन्या कप्प्यासारखाच वागतो, हे धागा वाचताना तीनदा तपासून झालं. एक सांगा, सोडतानाचा वेग नक्की कसा काढला? आमच्या प्रोग्रॅमरने करून पाहिलं तर कप्पा कधी कधी उलट्या दिशेला उडतो.

शेवटचा_पिक्सेल

शेवटच्या दोन बिंदूंवरून काढत असतील. बोट उचलताना त्याचा स्पर्शाचा ठसा लहान होतो आणि केंद्र एक-दोन पिक्सेल मागे सरकतं, तेवढ्यावरून दिशा उलटी निघते. शेवटच्या साधारण १०० मिलिसेकंदांतले सगळे बिंदू घ्या, त्यांतून रेषा बसवा आणि तिचा उतार हा वेग धरा. बोट उचलण्याआधी क्षणभर स्थिर राहिलं असेल तर वेग शून्य समजा, नाहीतर थांबवून सोडलेला कप्पाही निसटतो. मला याच एका गोष्टीत पूर्ण दुसरा दिवस गेला.